वाळूचा ट्रे, पोटातली कुर्ली आणि बोटीवरचे बाबा

पत्र

आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा दहा वर्षांचा. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होता, वर्गात जेमतेम डझनभर मुलं. यंदा पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात घातला. शाळा सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी त्याचे बाबा बोटीवर नोकरीला गेले, ते आता आठ महिन्यांनी येतील. पहिल्याच महिन्यात बाईंनी इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायला लावला, तो अडखळला आणि मुलं हसली. तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं, कधी उलटी होते, शाळा बुडते. रविवारी काही नसतं. म्हापशाच्या बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासलं, सगळं नॉर्मल. त्यांनीच एका समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं.

पहिल्या दोन भेटींत बाईंनी त्याला नुसतं वाळूत खेळवलं. मग पोटात दुखतं त्याचं चित्र काढून घेतलं, त्यानं कुर्ली, म्हणजे खेकडा, काढली. पुढच्या वेळी श्वासाचा व्यायाम. मग मला आणि सासूबाईंना बसवून प्रश्न विचारले, ह्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. आता म्हणतात, शाळेशी बोलून पायरीपायरीनं जायचं. हे म्हणतात, "त्या बाईनं नुसतं खतखतं (सगळ्या भाज्यांची मिसळ) केलंय, एक धड उपचार नाही." बोटीवरच्या त्यांच्या मित्राच्या मुलीला मुंबईत सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) दिली आणि ती बरी झाली, म्हणून तेच हवं असा त्यांचा हट्ट आहे. सासूबाई म्हणतात, देवाकडे कौल घेऊया. खोलीत मुलगा काय बोलतो ते बाई मला सांगत नाहीत. समुपदेशक बदलू का?

उत्तर

ताई,

आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या भेटी मी एकापुढे एक मांडून पाहिल्या, आणि मला त्यात गोंधळ दिसला नाही, क्रम दिसला. मुलांबरोबर काम करणाऱ्यांना हा क्रम चांगला ओळखीचा आहे. ऑस्ट्रेलियातले कॅथरिन आणि डेव्हिड गेल्डार्ड यांनी तो नीट बांधून दाखवला. आधी मुलाच्या कलानं जायचं आणि त्याला त्याची गोष्ट सांगू द्यायची. मग शरीरात आणि मनात काय होतंय याची त्याला जाणीव करून द्यायची. मग त्याला स्वतःकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावायचं, मग विचार तपासायचे आणि शेवटी नवं वागणं प्रत्यक्ष करून पाहायचं. प्रत्येक टप्प्याला वेगळ्या उपचारपद्धतीतलं साधन लागतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला ती बाई दर आठवड्याला नवंच काहीतरी काढते असं वाटतं. तुमच्या मिस्टरांची शंका त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे. ते लांब आहेत, त्यांना तुकडे तुकडेच कळतात. पण मुंबईच्या त्या मुलीला जे मिळालं ते तुमच्या मुलालाही मिळतंय, फक्त त्याला कोणी नाव सांगितलेलं नाही.

वाळूपासून सुरुवात करते, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त तीच खटकते. खोलीत एक उथळ ट्रे असतो, आतून निळा रंगवलेला. वाळू बाजूला सारली की तळाशी पाणी दिसावं म्हणून निळा. शेजारी फळीवर छोटी माणसं, जनावरं, घरं, झाडं, गाड्या, कुंपणं. लंडनच्या डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुलांना अशी जगं मांडू द्यायला सुरुवात केली. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्याची वेगळी पद्धत घडवली. वाघ म्हणजे बाबा आणि साप म्हणजे शाळा, असे अर्थ काढत बसणारा समुपदेशक चांगला नव्हे. पाहायचं असतं ते मूल कसं मांडतं ते. सगळी जनावरं कुंपणात घालून कुंपणाला फाटकच न ठेवणारं मूल असतं. घर मांडून त्यात एकाच बाईला ठेवणारं आणि बाकीची माणसं ट्रेच्या दुसऱ्या टोकाला पुरून टाकणारंही असतं. "तुला काय होतंय रे?" या प्रश्नाला दहा वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. तो "कांयच ना" म्हणतो, आणि ते खोटं नसतं. ते सांगायला लागणारे शब्दच त्याच्याकडे अजून नसतात. हात वाळूत असताना, समोर बघणारा माणूस घाई करत नसताना, ते बाहेर यायला लागतं. पहिल्या दोन भेटी त्यासाठी गेल्या, आणि त्या वाया गेलेल्या नाहीत.

आता कुर्ली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे समुपदेशक मायकेल व्हाइट यांनी १९८० च्या दशकात ही रीत रुजवली: त्रास मुलापासून वेगळा काढायचा, त्याला नाव द्यायचं, मग त्याची चौकशी करायची. ही कुर्ली केव्हा येते? कोणत्या वारी येत नाही? कोण जवळ असलं की नांगी आवळते आणि कोण असलं की गप्प बसते? घरात तोपर्यंत मुलगाच 'भित्रा' किंवा 'नाटकी' ठरलेला असतो, आणि स्वतःविरुद्ध कोणी कसं लढणार? कुर्ली वेगळी झाली की तो, तुम्ही आणि सासूबाई एका बाजूला येता. शिवाय इथूनच सीबीटीत शिरता येतं. "आज वर्गात शिरताना कुर्ली कानात काय म्हणाली?" हा प्रश्न म्हणजे सीबीटीतला विचार पकडण्याचा प्रश्नच आहे. उत्तर येतं, "सगळे हसतील म्हणाली." मग "खरंच सगळे? काल किती हसले? गेल्या वेळी हसल्यावर पुढे काय झालं?" दहा वर्षांच्या मुलाला विचारांचे तक्ते भरायला देऊन सीबीटी होत नाही, ती अशीच होते.

मिस्टरांना एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगा, की सीबीटीबद्दल ते बरोबर आहेत. मुलांच्या चिंतेवर सगळ्यात जास्त तपासला गेलेला बोलण्याचा उपचार तोच आहे. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांपासून दूर जाण्याची भीती, लोकांसमोर येण्याची भीती, सततची काळजी, अशी ती मुलं. बारा आठवड्यांनी नुसत्या सीबीटीनं सुमारे ६० टक्के मुलं चांगली सुधारली होती, नुसत्या सर्ट्रालिन या औषधानं ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीनं २४ टक्के. म्हणजे सीबीटी चालते, आणि तरीही दर पाचांतल्या दोघांना ती एकटी पुरत नाही. तुमच्या मुलाला औषध द्या असं मी म्हणत नाही, कोणी सुचवलेलंही नाही, आणि तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांनी पाहून घ्यायचा असतो. सांगायचं एवढंच, की या क्षेत्रातल्या भक्कम अभ्यासांतही एकाच उपचाराला चिकटून राहणं हा शहाणपणाचा नियम ठरलेला नाही.

आणि सीबीटीतला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे बाई आता जिथे पोचल्या आहेत तोच, पायऱ्या. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला ठेवली होती. शंभर वर्षं झाली, मूळ तत्त्व तेच आहे. तुमच्याकडे ते असं दिसेल: पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून बसस्टॉपपर्यंत, बस जाऊ द्यायची, परत. मग शाळेच्या फाटकापर्यंत, मुलं आत गेल्यावर. मग पहिले दोन तास वाचनालयात किंवा ऑफिसात ओळखीच्या एका शिक्षिकेजवळ. मग वर्गात, पण दरवाजाजवळच्या बाकावर, गावातल्या एखाद्या मुलाशेजारी. वाचनाच्या पायऱ्या वेगळ्या: आधी एकट्या शिक्षिकेसमोर एक ओळ, आदल्या दिवशी घरी सराव केलेली. मग दोन मुलांसमोर. वर्गासमोर वाचणं सगळ्यात वरची पायरी, आणि तोवर त्याला अचानक उभं करायचं नाही असं शाळेनं कबूल करायला हवं. (नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर वाचायला लावण्याची रीत मला कधीच पटलेली नाही. दहा शाळांतल्या नऊ शिक्षिकांना सांगितलं तर त्या ती आनंदानं सोडतील, फक्त कोणी जाऊन सांगत नाही.)

यात एक नियम पाळायचा, भीती शिगेला असताना परत फिरायचं नाही. पोट दुखायला लागलं, घरी आलो, दुखणं थांबलं, एवढ्यानं मेंदू धडा घेतो की घरी आलं की सुटका होते. उद्या तो आणखी जोरात दुखवणार. दुखणं खरंच असतं बरं का, घाबरल्यावर शरीर पचनाचं काम बाजूला ठेवतं, आतडी आवळतात. म्हणून पायरी इतकी लहान ठेवायची की तिथे उभं राहून भीती उतरेपर्यंत थांबता येईल. आणि म्हणूनच यात फार उशीर नको. पुढच्या भेटीत पहिल्या पायरीची तारीख ठरवूनच उठा. घरी राहिलेला प्रत्येक आठवडा पुढची चढण वाढवतो.

तुम्हाला आणि सासूबाईंना का बसवलं? कारण सकाळी सहा ते साडेसात हा सगळा खेळ तुमच्या स्वयंपाकघरात घडतो, समुपदेशकांच्या खोलीत नव्हे. येल विद्यापीठातले एली लेबोवित्झ यांनी तर मुलाला न भेटता फक्त आईवडिलांबरोबर काम करणारी पद्धत तयार केली, आणि तिची तुलना मुलांच्या सीबीटीशी केली तेव्हा ती कमी पडली नाही. तिचं सार दोन वाक्यांत मावतं: त्रास खरा आहे हे मान्य करायचं, आणि तो मुलाला पेलेल असा विश्वास दाखवायचा. म्हणजे उठल्या उठल्या "आज दुखतंय का रे?" असं विचारायचं नाही. त्यानं स्वतः सांगितलं तर "काही होत नाही तुला" असंही म्हणायचं नाही. "दुखतंय, कळलं. सोमवारी जास्त दुखतं हेही ठाऊक आहे मला. आपण स्टॉपवर जाऊया." बस, याहून जास्त बोलू नका. सासूबाईंनी ओव्याचं पाणी दिलं तर देऊ द्या, त्यात माया आहे. पण ज्या दिवशी शाळा चुकेल त्या दिवशी टीव्ही, मोबाइल आणि आजीच्या मांडीवरचं लाडकं दुपारजेवण एवढं सुखाचं नसावं की शाळेपेक्षा तेच बरं वाटेल.

बाबांच्या कॉलबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. तारखा बघा. बाबा गेले आणि दोन आठवड्यांत शाळा बदलली. पत्रात तुम्ही दोन्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मुलाच्या मनात ते एकच संकट असू शकतं. अशा घरांत पुष्कळदा मुलगा आईची राखण करत असतो. आई एकटी, आजी म्हातारी, आपण बाहेर गेलो आणि इकडे काही झालं तर? हे तो कोणाला सांगत नाही, कदाचित स्वतःलाही. मुलं हसतील ही भीती खरी आहे, पण तेवढीच धरून कोणी सीबीटी केली असती तर अर्धं दुखणं तिथेच राहिलं असतं. बाईंनी बाबांना कॉलवर घेतलं याचा अर्थ त्यांना या दुसऱ्या अर्ध्याचा वास आलाय. बाबांना करता येण्यासारखं बरंच आहे. कॉलची वेळ ठरलेली हवी, संध्याकाळची, आणि नेट मिळणार नसेल तर आधी कळवायचं. पहिला प्रश्न "शाळेत गेलास?" हा नको. कॅलेंडरवर परतीचा महिना दोघांनी मिळून रंगवायचा. आणि त्यांनी एकदा मुलाला स्पष्ट सांगायचं, "आईची काळजी मी आणि आजी घेतो. तुझं काम वेगळं आहे." हे वाक्य बाबांच्याच तोंडून यायला हवं.

आता मिस्टरांच्या शंकेची दुसरी बाजू, कारण खतखतं होतं हेही खरं आहे. काही ठिकाणी आज चित्रं, उद्या ध्यान, परवा संमोहन, आणि कशालाच कारण नसतं. फरक ओळखायचा सोपा उपाय म्हणजे बाईंना विचारणं. माझ्या मुलाचं दुखणं तुम्हाला कशामुळे आहे असं वाटतं? आत्ता हेच का करताय? फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं, आणि पडला नाही तर काय बदलाल? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर पुस्तकी नसेल, त्यात तुमचा मुलगा असेल: त्याची शाळा, त्याचे बाबा, त्याचं वाचन. उत्तर दर वेळी बदललं किंवा "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढंच आलं, तर खुशाल दुसरीकडे जा. शिक्षण कुठे झालं, मुलांबरोबर किती काम केलंय, अडलं तर कोणा वरिष्ठाचा सल्ला घेता का, हेही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती बघा. आणि कोणी बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू वाचून दाखवतो म्हणालं, तर तिथून उठा. त्याला शास्त्राचा आधार नाही आणि पैसे भरपूर जातात.

एक तपास राहिलाय असं मला वाटतं. चौथीत तो मराठी घडाघडा वाचायचा का? घरी कोकणी, शाळेत मराठी आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत, हे आपल्या गोव्यातल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला येतं, आणि त्यातली बहुतेक अडखळतात व सावरतात. पण मराठीतही तो अक्षरं उलटसुलट करत असेल, ओळ हरवत असेल, वाचन टाळत असेल, तर हा नव्या भाषेचा प्रश्न नसून वाचनाच्या अडचणीचा असू शकतो, आणि तिथे कुर्लीशी कितीही बोललं तरी उपयोग नाही. त्याची स्वतंत्र तपासणी करून घ्या. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत चौकशी करा. पर्वरीची संगात ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९६ पासून गोव्यात आहे आणि तिच्या कामाची सुरुवातच मुलांपासून झाली, तिथेही विचारता येईल. त्याच वेळी बाईंना सांगा, की शक्य तिथे मुलाशी कोकणीतून बोला. भीती घरच्या भाषेत लवकर बोलती होते.

कौलाचं म्हणाल तर सासूबाईंना अडवू नका. त्यांनाही नातवाची काळजी आहे, आणि ती व्यक्त करायची त्यांची ही जागा आहे. देवाकडे गाऱ्हाणं घाला, मुलाला बळ दे म्हणून मागा, त्यालाही बरोबर न्या. पण समुपदेशन करावं की नाही हा प्रश्न कौलाला लावू नका, पाकळी डावी पडली तर उपचार थांबायचे. दुसरं म्हणजे, कोणाची दिष्ट लागली, देवचार मागे लागला, असं त्याच्या कानावर अजिबात पडू देऊ नका. आधीच घाबरलेल्या मुलाला आणखी एक न दिसणारा वैरी कशाला द्यायचा? घरात या गोष्टी बोलल्या जातात हे बाईंना जरूर सांगा. त्यांना ते माहीत असायला हवं.

खोलीतलं तुम्हाला सांगत नाहीत, हे बरोबर आहे. त्याला सुरक्षित वाटावं म्हणून ते गरजेचं आहे. मात्र दोन गोष्टी तुमच्या हक्काच्या आहेत. साधारण कोणत्या विषयावर काम चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. आणि त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं काही निघालं तर बाई ते गुप्त ठेवणार नाहीत, हे तुम्हाला आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायला हवं. नसेल, तर आता विचारा. एक प्रश्न तर थेटच विचारा: शाळेत किंवा बसमध्ये कोणी मारतं का, धमकावतं का, नको तिथे हात लावतं का, हे पाहिलंय का? शाळा नको म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल हे पाहावंच लागतं. तसं काही असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, आणि मुलांसाठी स्वतंत्र कायदा आपल्या गोव्यात २००३ पासून आहे. परत येताना बसमध्ये "काय विचारलं बाईंनी?" असं मात्र त्याला विचारू नका. भजी खा, पाऊस बघा, तो बोलला तर ऐका.

पोटाकडेही लक्ष राहू द्या. रात्री दुखण्यानं जाग येणं, वजन घटणं, ताप, शौचात रक्त, किंवा रविवारीही तसंच दुखणं, यांतलं काही दिसलं तर परत बालरोगतज्ज्ञांकडे. आणि एखाद्या रात्री तुम्हालाच फार जड झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो फुकट आहे.

चतुर्थीची सुटी जवळ आली आहे, म्हणून एक शेवटचं. मोठ्या सुटीनंतरचा पहिला दिवस अशा मुलांना सगळ्यात कठीण जातो. सुटीत पोट दुखणार नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, आणि सगळे म्हणतील की झाला बरा. पायऱ्या तिथे सोडू नका. सुटी संपायच्या दोन दिवस आधी त्याला घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन या, शिपायाला हाक मारा, बंद वर्ग खिडकीतून दाखवा. शाळा उघडेल त्या सकाळी कोणत्या शिक्षिका फाटकाशी त्याला घ्यायला येतील, ते सुटी लागायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि त्यांचं नाव त्याला आधीच सांगून ठेवा.